एडुआर्ड तुबिन आणि एस्टोनियन संगीतेतिहासातील १९४४ ची सीमारेषा

१. प्रश्नाचे स्वरूप

राज्यांच्या उदयास्ताच्या तारखा हाताशी आयत्या असतात. त्यामुळे वाङ्मयाचे व कलांचे इतिहास लिहितानाही त्याच तारखांवर कालखंडांच्या भिंती उभारण्याचा मोह इतिहासकारास आवरत नाही. एस्टोनिया या बाल्टिक किनाऱ्यावरील छोट्या देशाच्या संगीतेतिहासात १९४४ हे वर्ष अशाच एका भिंतीचे काम करीत आले आहे. त्या वर्षाच्या शरद ऋतूत जर्मन सैन्य मागे हटले, सोव्हिएत सैन्य पुन्हा देशात शिरले आणि सुमारे सत्तर ते ऐंशी हजार माणसे समुद्रमार्गे व भूमार्गे परागंदा झाली. देशाचे संगीत तेथून पुढे दोन प्रवाहांत वाहू लागले, एक मायदेशातील व दुसरा परदेशातील, असे मानण्याची रूढी पडली.

एडुआर्ड तुबिन (१९०५–१९८२) हा या परागंदा झालेल्यांपैकी एक. दहा पूर्ण सिंफनी, दोन संगीतिका, एक नृत्यनाट्य आणि अनेक कंचेर्टो व सोनाटा इतकी त्याची संपदा असून एस्टोनियन सिंफनी-परंपरेत त्याचे स्थान अग्रभागी मानले जाते. त्याचे आयुष्य १९४४ मध्ये जवळजवळ बरोबर मध्यावर दुभंगते. त्या वर्षी तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि पुढे अडतीस वर्षे जगला. ‘मायदेशीचा तुबिन’ आणि ‘निर्वासित तुबिन’ असे दोन भाग पाडणे त्यामुळे सोपे होऊन बसते. परंतु त्याच्या रचनांचा क्रम, त्यांतील सामग्री आणि त्या रचना कोठे, कोणाकडून व कोणासाठी सादर झाल्या यांचा एकत्र विचार केला, तर ही सीमारेषा १९४४ मध्ये सापडत नाही. ती त्यानंतर काही वर्षांनी, १९५० च्या सुमारास पडलेली दिसते. आणि पुढे तीही अखेरची ठरत नाही. ही गोष्ट दाखविणे व तिची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

एस्टोनियन लोकांची राष्ट्रीय जाणीव राज्याच्या आधी गाण्यातून आकारास आली. शतकानुशतके हा प्रदेश जर्मन सरदारांच्या जमीनदारीखाली व अठराव्या शतकापासून रशियन साम्राज्यात होता. नागर संस्कृतीची भाषा जर्मन, राज्यकारभाराची भाषा कालांतराने रशियन आणि शेतकऱ्याची भाषा एस्टोनियन, अशी विभागणी होती. १८६९ साली तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव भरला व तेव्हापासून समूहगायन हे या लोकसमाजाचे प्रातिनिधिक रूप बनले. वाद्यवृंदासाठी लिहिलेले संगीत मात्र उशिरा आले. रुडॉल्फ तोबियास याची ‘ज्यूलियस सीझर’ ही प्रास्ताविका १८९६ ची, तर आर्तुर लेम्बा याची पहिली सिंफनी १९०८ ची. दोघांचेही शिक्षण सेंट पीटर्सबर्ग येथे झाले होते. स्वभाषेच्या भूमीवर संगीतरचनेचे उच्च शिक्षण देणारी संस्था तोवर नव्हती.

याच सुमारास आणखी एक उद्योग चालू होता व पुढील विवेचनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. १९०४ ते १९१६ या काळात एस्टोनियन विद्यार्थी-संघाने ओस्कार काल्लास याच्या नेतृत्वाखाली खेडोपाडी माणसे पाठवून लोकगीतांच्या चाली टिपून घेतल्या. मार्त सार, सिरिलस क्रेक यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले रचनाकार या कामी हिंडले. तेरा हजारांच्या आसपास चाली अशा रीतीने गोळा झाल्या. प्राचीन एस्टोनियन लोकगीतांत चालीचा आवाका लहान असतो, ओळ बहुधा आठ अवयवांची असते, एक गायिका ओळ म्हणते व समूह ती झेलतो. युरोपीय वाद्यवृंदाच्या भव्य आकृतिबंधाला ही सामग्री प्रथमदर्शनी अपुरी वाटावी अशीच आहे. तिच्यातून सिंफनी उभी राहू शकते काय, हा तुबिनच्या पिढीपुढील प्रश्न होता.

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली, तार्तूच्या तहाने १९२० मध्ये सोव्हिएत रशियाने ते मान्य केले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत संगीतविद्यालये, नाट्यगृहे व वाद्यवृंद ही राष्ट्रीय संगीताला लागणारी यंत्रणा प्रथमच उभी राहिली. तुबिन हा या यंत्रणेच्या पहिल्या पिकांपैकी होय.

३. तोरिला ते तार्तू

तुबिनचा जन्म १८ जून १९०५ रोजी पेइपसी सरोवराच्या परिसरातील तोरिला या खेड्यात झाला. आईवडील दोघांनाही संगीताची आवड. वडील गावच्या बँडमध्ये ट्रंपेट व ट्राँबोन वाजवीत. मुलाने प्रथम बासरी व बालालायका हाताळली. पुढे वडिलांनी एका गाईच्या बदल्यात घरात पियानो आणला. शेतकऱ्याच्या घरात गाय म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे, त्यास या देवघेवीचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९२० मध्ये तो तार्तूच्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला व नंतर तेथीलच उच्च संगीतविद्यालयात हेइनो एलर याच्याजवळ रचनाशास्त्र शिकून १९३० साली पदवीधर झाला.

एलर (१८८७–१९७०) हा या इतिहासातील मध्यवर्ती शिक्षक आहे. सेंट पीटर्सबर्गला शिकून आलेल्या या व्हायोलिनवादकाने १९२० ते १९४० अशी वीस वर्षे तार्तू येथे अध्यापन केले व नंतर तालिनमध्ये. पहिल्या कालखंडात तुबिन आणि दुसऱ्यात आर्वो पेर्त असे दोन अगदी वेगळ्या वळणांचे शिष्य त्याच्या हाताखालून गेले, यावरूनच त्याच्या अध्यापनाची व्याप्ती ध्यानात येते. वाद्यवृंदाच्या रंगसंगतीचे भान आणि एका लहानशा बीजातून दीर्घ रचना वाढविण्याची शिस्त ही तुबिनला या शाळेतून मिळालेली देणगी.

पदवी घेताच तुबिन तार्तूच्या वानेमुइने नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला व १९४४ पर्यंत त्याच पदावर होता. या नोकरीकडे चरित्रकार बहुधा धावती नजर टाकून पुढे जातात. परंतु तिचे महत्त्व मोठे आहे. रोज हातातील दंडाच्या इशाऱ्यावर खरीखुरी वाद्ये वाजताना ऐकणाऱ्या रचनाकाराला लिहिलेला प्रत्येक स्वर कसा उमटेल याची पारख येते. पहिली सिंफनी (१९३४) व ‘दंतकथात्मक’ असे नाव धारण करणारी दुसरी (१९३७) या दोहोंत ही पारख स्पष्ट दिसते.

१९३८ मध्ये बुडापेस्ट येथे त्याची झोल्तान कोदाय याच्याशी भेट झाली. हंगेरीत कोदायने लोकगीतांचा शास्त्रशुद्ध संग्रह व त्यावर आधारित नवी रचना यांची सांगड घातली होती. त्या भेटीनंतर तुबिन त्याच वर्षी हीउमा या पश्चिमेकडील बेटावर लोकचाली टिपण्यासाठी गेला. याच काळात ‘क्राट’ या नृत्यनाट्याची जुळणी सुरू झाली. एस्टोनियन लोककथेतील क्राट म्हणजे घरातील मोडक्यातोडक्या सामानाचा बनविलेला एक पुतळा. धनलोभी मालक सैतानाला आपल्या रक्ताचे तीन थेंब देऊन त्यात प्राण भरवितो. मग तो इतरांचे धन चोरून मालकाच्या घरात आणीत राहतो आणि शेवटी मालकाचाच घात करतो. संहिता एरिका सारिक हिची. पुढे ती तुबिनची पत्नी झाली. या रचनेत तुबिनने काल्लासप्रभृतींच्या संग्रहातील व स्वतः टिपलेल्या अशा तीसच्या आसपास अस्सल चाली गुंफल्या आहेत. एस्टोनियाचे पहिले नृत्यनाट्य म्हणून ‘क्राट’ची गणना होते.

४. परचक्राची चार वर्षे

जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देशाचा ताबा घेतला. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन आले. १९४४ मध्ये सोव्हिएत सत्ता परतली. म्हणजे चार वर्षांत तीनदा राज्य पालटले. वानेमुइनेचा संचालक म्हणून तुबिनला या प्रत्येक राजवटीत काम करावे लागले. एस्टोनियन लोकचालींवरील ‘सिंफोनिएटा’ १९४० ची. तिसरी सिंफनी त्याच वर्षी सुरू होऊन १९४२ मध्ये पुरी झाली आणि १९४३ मध्ये सादर झाली. तिच्यातील निर्धाराचा व झुंजीचा सूर श्रोत्यांना सांगावा लागला नसावा. चौथी, ‘सिंफोनिया लिरिका’ (१९४३), ही मात्र शांत, विस्तीर्ण व गेय आहे. युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत लिहिलेली ही रचना युद्धाचे नावही घेत नाही. कलाकृती ही परिस्थितीचा आरसा असते हे सूत्र सरसकट लावणाऱ्यांनी या दोन सिंफनींचा क्रम ध्यानी घ्यावा.

‘क्राट’चा पहिला प्रयोग १९४३ च्या वसंतात तार्तूला वानेमुइनेत झाला व फेब्रुवारी १९४४ मध्ये ते तालिनच्या एस्टोनिया नाट्यगृहात आले. ९ मार्च १९४४ च्या संध्याकाळी त्याचा प्रयोग चालू असताना सोव्हिएत विमानांचा हल्ला सुरू झाला. प्रयोग अर्धवट सोडून प्रेक्षक व कलावंत बाहेर पडले, नाट्यगृह जळाले. त्या रात्री तालिनमध्ये पाचशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले व सेंट निकोलसचे मध्ययुगीन चर्च आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ‘क्राट’ची वाद्यवृंदाची सामग्री नष्ट झाली आणि चौथ्या सिंफनीच्या हस्तलिखितालाही आगीची झळ लागली. ती सिंफनी पुढच्याच महिन्यात ओलाव रोत्स याच्या संचालनाखाली तालिनमध्ये सादर झाली व त्यानंतर सदतीस वर्षे ती रंगमंचावर आली नाही. त्याच वर्षी तार्तूच्या लढाईत वानेमुइनेची इमारतही नष्ट झाली. ज्या दोन नाट्यगृहांनी ‘क्राट’ उभे केले ती दोन्ही एका वर्षात गेली. स्वातंत्र्यकाळात उभ्या राहिलेल्या यंत्रणेचा हा अंत होय. सप्टेंबरात तुबिन पत्नी व मुलांसह स्वीडनला जाणाऱ्या जहाजात चढला तेव्हा मागे सोडण्यासारखे व्यासपीठ फारसे उरलेच नव्हते.

५. स्टॉकहोममधील पहिली वर्षे

वर सांगितलेल्या रूढ विभागणीप्रमाणे येथे नवा कालखंड सुरू व्हावयास हवा. प्रत्यक्षात तसे घडलेले दिसत नाही.

स्वीडनमध्ये तुबिनला उपजीविकेचे साधन मिळाले ते ड्रॉटनिंगहोल्मच्या राजवाड्यातील नाट्यगृहात. १७६६ साली बांधलेले हे नाट्यगृह तिसऱ्या गुस्ताव्हच्या १७९२ मधील हत्येनंतर विस्मरणात गेले होते व १९२१ मध्ये त्याची पडदे-यंत्रांसह नव्याने ओळख पटली होती. तेथील जुन्या संगीतिका व नृत्यनाट्ये पुन्हा प्रयोगक्षम करावयाची, त्यांच्या स्वरलेखनाच्या प्रती तपासून दुरुस्त करावयाच्या व वादकांसाठी नव्याने उतरवून द्यावयाच्या, असे तुबिनचे काम होते. १९४५ ते १९७२ अशी सत्तावीस वर्षे त्याने ते केले. ज्याच्या स्वतःच्या नृत्यनाट्याची सामग्री राख झाली, त्याने परक्या राष्ट्राच्या अठराव्या शतकातील हस्तलिखितांना जीवदान देत आपले मध्यवय घालवावे, यातील उपरोध उघड आहे. मात्र या कामाने त्यास स्थैर्य दिले व संध्याकाळ मोकळी ठेवली, हेही तितकेच खरे.

ती संध्याकाळ एस्टोनियन समाजासाठी होती. हजारोंच्या संख्येने स्वीडनमध्ये आलेल्या या निर्वासितांनी शाळा, वृत्तपत्रे, प्रकाशनगृहे व गायकवृंद लगोलग उभे केले. स्टॉकहोममधील एस्टोनियन पुरुष-गायकवृंदाचे संचालन तुबिनने १९४५ पासून अनेक वर्षे केले. परतीची वाट फार दूर नाही, पाश्चात्त्य राष्ट्रे बाल्टिक देशांचे सार्वभौमत्व पुन्हा प्रस्थापित करतील, अशी आशा या वर्षांत सर्वत्र होती. भयही होते: जानेवारी १९४६ मध्ये स्वीडनने जर्मन सैन्यात राहिलेले सुमारे दीडशे बाल्टिक सैनिक सोव्हिएत संघाच्या हवाली केले, आणि अनेक कुटुंबे पुढे कॅनडा-अमेरिकेकडे निघाली.

पाचवी सिंफनी या वर्षातील आहे. तिच्यात एस्टोनियन लोकगीताची व लोकमुखी रूढ झालेल्या प्रार्थनागीताची चाल गुंफली आहे. शेवटी टिंपनी या नगाऱ्यांसारख्या वाद्यांच्या भारी आघातांवर ती एका कष्टाने मिळविलेल्या विजयाकडे जाते. १९४७ मध्ये स्टॉकहोमला कार्ल गारागुली याने ती सादर केली आणि तुबिनच्या सर्व सिंफनींत ती सर्वाधिक वाजविली गेली. शैलीच्या दृष्टीने मात्र ती तिसऱ्या सिंफनीची थेट वारसदार आहे. तीच लोकसामग्री, तीच झुंज, तोच सार्वजनिक आवाज. तार्तूत आरंभलेले वाक्य स्टॉकहोममध्ये पूर्ण व्हावे तसे हे आहे. बोस्टनच्या वाद्यवृंदातील एस्टोनियन वादक लुडविग युख्त याच्यासाठी लिहिलेला डबल बासचा कंचेर्टो (१९४८) हाही परागंदा समाजाच्या अंतर्गत देवघेवीचाच एक भाग होय.

योगायोग असा की, ज्याच्या खटपटीने लोकचालींचा तो प्रचंड संग्रह झाला, तो ओस्कार काल्लासही १९४४ मध्ये निर्वासित होऊन स्टॉकहोमला आला होता व १९४६ च्या जानेवारीत तेथेच निधन पावला. संग्राहक परमुलखात मरण पावला त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याने राखलेल्या परंपरेवर वाढलेल्या रचनाकाराने पाचवी सिंफनी लिहिली.

६. खरी सीमारेषा

पाचवीनंतर आठ वर्षे तुबिनने सिंफनी लिहिली नाही. चौतीस ते सेहेचाळीस या बारा वर्षांत पाच सिंफनी पुऱ्या करणाऱ्या रचनाकाराच्या बाबतीत हे मौन लक्षणीय आहे. त्या अवधीतील तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट दुसऱ्या पियानो-सोनाटाची. ‘उत्तरध्रुवीय प्रकाश’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० ची आहे. तिच्यात लोकसामग्री आहे; पण ती एस्टोनियन नाही. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांच्या गाण्यावर ती उभारली आहे. दुसरी गोष्ट ‘युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी रिक्विएम’ ही. मारी उंडर व हेन्रिक विस्नापू या एस्टोनियन कवींच्या शब्दांवरील ही रचनाही १९५० मध्येच हाती घेतली गेली. आणि अर्धवट राहिली. तिसरी गोष्ट म्हणजे १९५४ ची सहावी सिंफनी. तिच्यात लोकगीताला स्थान नाही. तेथे सॅक्सोफोन आहे, आधुनिक नृत्यशाळेतील ठेके आहेत, आणि त्या ठेक्यांतून उत्सवाऐवजी एक प्रकारची यांत्रिक धास्ती निर्माण होते. पाचवीतील सामूहिक आवाज येथे लोपला आहे. बोलणारा एकटा आहे व भोवतीचे शहर त्याचे नाही.

या पालटाचे कारण शुद्ध शैलीगत मानता येईल काय? युद्धोत्तर युरोपात सर्वच रचनाकारांच्या भाषेत बदल होत होता व तुबिनही त्यास अपवाद नव्हता, असा आक्षेप घेता येतो. ड्रॉटनिंगहोल्मच्या कामामुळे मोठ्या रचनांना सवड मिळाली नाही, असेही म्हणता येईल. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु याच नोकरीत राहून त्याने १९५४ पासून चार सिंफनी लिहिल्या, तेव्हा सवडीचे कारण एकटे पुरेसे ठरत नाही. आणि शैलीतील पालट नेमका याच वेळी व याच दिशेने का झाला, याचे उत्तर निव्वळ युगप्रवृत्तीतून मिळत नाही.

२५ मार्च १९४९ रोजी व त्यानंतरच्या काही दिवसांत एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसे सैबेरियात हद्दपार करण्यात आली. त्यांत बायका, मुले व वृद्ध यांचाच भरणा अधिक होता. पाठोपाठ शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण झाले. ज्या शेतकरी समाजात त्या लोकचाली जन्मल्या, टिकल्या व टिपल्या गेल्या, तो समाजच मुळातून उपटला जात होता. परतीची आशा बाळगणाऱ्यांस या वर्षानंतर आपण मुदतीसाठी आलेले पाहुणे नाही हे उमजले. १९४४ मध्ये तुबिनने घर सोडले. घर उरले नाही हे कळावयास १९४९–५० हे वर्ष यावे लागले. रचनांचा पुरावा या दुसऱ्या तारखेशी जुळतो. स्थलांतर ही एका दिवसाची घटना असते, तर निर्वासितपण ही सावकाश घडणारी जाणीव असते. इतिहासकाराने या दोहोंची गल्लत करू नये, एवढाच या विवेचनाचा मथितार्थ आहे.

यानंतरच्या सिंफनींची वाट अंतर्मुख आहे. सातवी (१९५८), गडद व तणावपूर्ण आठवी (१९६६), संयत अशी नववी ‘सिंफोनिया सेम्प्लिचे’ (१९६९) व एकाच खंडात बांधलेली दहावी (१९७३) यांत बीजाचा आकार लहान होत जातो आणि विस्ताराची शिस्त वाढत जाते. एलरच्या शाळेतील शिकवण येथे लोकगीताच्या आधाराविना उभी राहिलेली दिसते.

७. दुसरे वळण

सीमारेषा येथेच संपती तर आखणी सोपी झाली असती. परंतु १९५६ नंतर सोव्हिएत संघातील वातावरण काहीसे निवळले आणि तार्तूच्या वानेमुइनेने ‘क्राट’ पुन्हा रंगमंचावर आणावयाचे ठरविले. जळालेल्या सामग्रीच्या जागी तुबिनने वाद्यवृंदाची रचना नव्याने सिद्ध केली. १९६१ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि त्या निमित्ताने तुबिनने सतरा वर्षांनंतर मायदेशात पाय ठेवला. त्याच वर्षी तो स्वीडनचा नागरिक झाला. एका हाताने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारणे आणि दुसऱ्या हाताने मायदेशाचे दार ठोठावणे, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात हे अर्थपूर्ण आहे.

या भेटीबद्दल परागंदा समाजातून त्याच्यावर टीका झाली. ती समजून घेण्याजोगी आहे. सोव्हिएत एस्टोनियाच्या निमंत्रणावर जाणे म्हणजे त्या सत्तेस मान्यता देणे, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. ज्यांचे आप्त सैबेरियात गेले त्यांना हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. दुसऱ्या पक्षी, एस्टोनियन भाषेतील संगीतिका, ती समजणारा प्रेक्षक आणि ती गाणारा नटसंच एकाच ठिकाणी होता, व ते ठिकाण स्टॉकहोम नव्हते. ज्या रचनाकाराचा श्रोता पारतंत्र्यात आहे त्याने श्रोत्याकडे जावे की पारतंत्र्यावर बहिष्कार घालावा, या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नाही. तुबिनने आपले उत्तर कामातून दिले.

ते काम म्हणजे तालिनच्या एस्टोनिया नाट्यगृहासाठी लिहिलेली ‘बार्बारा फॉन टिझेनहूझेन’ ही संगीतिका. १९६९ मध्ये ती रंगमंचावर आली. संहिताकार यान क्रॉस हा स्वतः १९४६ मध्ये पकडला जाऊन सोव्हिएत छावण्यांत व हद्दपारीत आठ वर्षे काढून १९५४ मध्ये परतलेला लेखक. कथानक आइनो काल्लास या फिनिश लेखिकेच्या १९२३ मधील कथेवर आधारित आहे. ही लेखिका म्हणजे ओस्कार काल्लासची पत्नी. सोळाव्या शतकातील लिव्होनियात एक सरदारकन्या सामान्य कुळातील पुरुषावर प्रेम करते आणि कुलाभिमानी भाऊ तिला गोठलेल्या सरोवरातील बर्फाच्या छिद्रातून बुडवून ठार करतात. संगीताची बांधणी कठोर आहे. नऊ स्वरांची एक आकृती सबंध संगीतिकेच्या मुळाशी असून पासाकालियाच्या पद्धतीने ती पुनःपुन्हा येत राहते. वर पात्रांची सुखदुःखे बदलतात, खाली स्वरांची ती साखळी सुटत नाही. १९६९ च्या तालिनमधील प्रेक्षकाला हे सोळाव्या शतकाचे वर्णन वाटले असेल, असे मानणे कठीण आहे. संगीतिकेला मोठे यश मिळाले.

पाठोपाठ क्रॉसच्याच संहितेवर ‘रेगीचा धर्मोपदेशक’ (१९७१) ही दुसरी संगीतिका लिहिली गेली. तीही आइनो काल्लासच्या कथेवर असून कथा घडते हीउमा बेटावर. म्हणजे ज्या बेटावर १९३८ मध्ये तुबिन लोकचाली टिपावयास गेला होता तेथेच. रंगमंचावर येण्यास मात्र तिला आठ वर्षे लागली. १९७९ मध्ये ती वानेमुइनेने सादर केली. त्याच वर्षी, १९५० पासून बाजूस पडलेले ‘रिक्विएम’ तुबिनने पूर्ण केले. आल्टो आवाज, पुरुष-गायकवृंद, ऑर्गन, ट्रंपेट आणि तालवाद्ये एवढ्याच मोजक्या साधनांची ही रचना आहे. एकोणतीस वर्षांचे हे अंतर वर मांडलेल्या कालविभागणीस पुष्टी देते: १९५० मध्ये जे शब्द स्वरबद्ध होऊ शकले नाहीत, ते मायदेशाशी नाते पुन्हा जुळल्यानंतर झाले.

८. उत्तरकाल

१९८० मध्ये एस्टोनियन संचालक नेमे यार्वी सोव्हिएत संघ सोडून पश्चिमेकडे आला. एलरचा शिष्य पेर्त यानेही त्याच वर्षी देश सोडला. यार्वीने तुबिनच्या सिंफनी अमेरिकेत व स्कँडिनेव्हियात सादर केल्या. १९८१ मध्ये बर्गेनच्या वाद्यवृंदाकडून चौथी वाजवून घेतली व सर्व सिंफनींचे ध्वनिमुद्रण त्या दशकात सिद्धीस नेले. १९८२ मध्ये स्वीडनच्या राजकीय संगीत अकादमीने तुबिनला सदस्यत्व दिले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी स्टॉकहोममध्ये त्याचा मृत्यू झाला. अकरावी सिंफनी अपुरी राहिली. तिच्या पहिल्या खंडाची वाद्ययोजना काल्यो राइद या एलरच्याच दुसऱ्या परागंदा शिष्याने पुरी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाचे स्वातंत्र्य पुनःस्थापित झाले. पियानोवादक वार्दो रुमेसेन याच्या परिश्रमाने तुबिनच्या रचनांची सूची तयार झाली व समग्र संगीताचे प्रकाशन सुरू झाले. २०१८ मध्ये तुबिन व त्याची पत्नी यांच्या अस्थी स्टॉकहोमहून आणून तालिनच्या वनस्मशानभूमीत ठेवण्यात आल्या.

या सर्व वृत्तांतावरून दोन निष्कर्ष काढता येतात. तुबिनच्या कलाजीवनाचे टप्पे राज्यक्रांतीच्या तारखांवर पडत नाहीत. ते त्याच्या श्रोतृसमाजाच्या स्थितीवर पडतात. हा समाज परतीच्या आशेने एकत्र होता तोवर, म्हणजे १९५० च्या आसपासपर्यंत, तार्तूचीच परंपरा स्टॉकहोममध्ये चालू राहिली. आशा संपली तेव्हा संगीत एकाकी झाले. आणि १९६१ नंतर श्रोता अंशतः परत मिळाला तेव्हा रंगभूमीवरील रचना पुन्हा सुरू झाल्या. दुसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. ‘क्राट’ची सामग्री जळाली तरी कृती वाचली, चौथी सिंफनी कागदावर शिल्लक असूनही सदतीस वर्षे मुकी राहिली. वाद्यवृंद, नाट्यगृह, प्रतकार, संग्राहक व संचालक यांची साखळी तुटली की लिहिलेले संगीतही नसल्यासारखे होते. संगीताच्या इतिहासाने रचनाकाराबरोबर या साखळीचाही मागोवा घेतला पाहिजे. तुबिन दिवसा परक्यांची जुनी हस्तलिखिते दुरुस्त करीत होता व रात्री स्वतःची नवी लिहीत होता. या साखळीची किंमत त्याच्याइतकी क्वचितच कोणास कळली असेल.